साक्षीदार फार बोलतो

माझा पहिला कथासंग्रह निघाला त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पाऊस आला नाही, आणि एका साप्ताहिकानं माझी मुलाखत घेतली. पावसाचं सगळ्यांना ठाऊकच आहे. मुलाखतीत विचारलं होतं, "आपल्या लेखनावर कोणाकोणाचा प्रभाव आहे?" मी सात नावं सांगितली. त्यातल्या चौघांची पुस्तकं मी वाचलेलीही होती.

दादा म्हणजे माझे वडील, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ती मुलाखत लाल पेन हातात घेऊन वाचली, शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "सात नावं सांगितलीस माय. त्यात आपल्या घरचं एकबी न्हाई."

"दादा, आपल्या घरात लेखक कोण होतं?"

"माझा आज्जा. सटवा."

हे मला नवीन नव्हतं. आम्ही बौद्ध. दर एप्रिलात जयंतीच्या सभेत दादा भाषण करायचे आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असायचं: "माझे आजोबा कुठल्याही शाळेत न जाता, स्वतःच्या हिमतीवर अक्षर शिकले." लोक टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायची. आजोबा नक्की काय लिहीत होते, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं मला एक जाडजूड पुस्तक वाचायला दिलं. त्यांच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत. हे घराणं लातूरकडच्या मुरुडजवळच्या एका गावचं, आणि आमचंही मूळ गाव तेच. माझे आजोबा, म्हणजे सटवाचा मुलगा, गिरणीत काम मिळालं म्हणून नांदेडला आले आणि इथलेच झाले. पुस्तकात चौदा पिढ्या, तीन वंशवृक्ष आणि फेटेवाल्या पुरुषांचे फोटो होते. बायकांची नावं कंसात होती. आणि पान एकशे बारावर ही दोन वाक्यं: "दुष्काळसमयी आमच्या आजोबांनी स्वखर्चाने विहीर खोदवून ती सर्वांस खुली केली. या कामी सटवा नामक इमानी गड्याने साहाय्य केले."

दादांनी ते पान सहा वेळा वाचलं. "छापून आलाय," म्हणाले. मग चष्मा काढून पुसला. "पण त्यांच्या पुस्तकात. आपलं पुस्तक पायजे."

असे आम्ही निघालो. दादांजवळ दोनशे पानी वही, तिच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'आमच्या घराण्याचा इतिहास', आणि बाकी एकशे नव्व्याण्णव पानं कोरी.

देगलूर

सुरुवात देगलूरपासून केली, कारण तिथं दादांची थोरली बहीण राहते. आमच्याकडं आत्याला मावळण म्हणतात. सत्तरी ओलांडलेली ही मावळण दादांना अजून 'किशन्या' म्हणते, आणि तिच्यासमोर निवृत्त मुख्याध्यापक दुसरीतल्या पोरासारखे मांडी घालून बसतात.

रस्त्यानं दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबलेली. तेवढ्यातच ती वाळली होती. एसटीतल्या माणसांना त्याचं बोलून कंटाळा आला होता, त्यामुळं सगळे लग्नांबद्दल बोलत होते.

मावळणीनं आम्हाला पाहिलं आणि शेजारणीला तेलुगूत हाक मारली, आम्हाला मराठीत शिव्या दिल्या आणि चुलीवरच्या भाजीला कानडी नावानं हलवलं. अंबाडीच्या भाजीला ती पुंडी म्हणते. एका घरात तीन भाषा सुखानं नांदतात आणि तिला त्यातली एकही लिहिता येत नाही. पाय धुवायला तिनं एक तांब्या दिला, दोघांत. दादांनी अर्धा वापरून अर्धा मला ठेवला. नांदेडला गोदावरीच्या कृपेनं नळाला अजून पाणी होतं, त्यामुळं मी सवयीनं तांब्या उपडा केला. मावळण त्या ओल्या जमिनीकडं बराच वेळ बघत राहिली.  पुढचे दोन दिवस मी पाय धुतले नाहीत.

जेवताना दादांनी विषय काढला. "आक्का, आज्जाचं लिहिलेलं काही हाय का तुझ्याकडं?"

"लिहिलेलं?" भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "कोण लिहिलंय?"

"आज्जा. सटवाआज्जा."

"किशन्या, मी आज्जाजवळ आठ वरसं राहिले. तू चार वरसाचा होतास तो गेला तवा. आज्जा बोलायचा. लई बोलायचा. म्हसरं थांबून ऐकायची. लिहिताना म्या कंदी बघितलं न्हाई बा."

"तू लहान होतीस."

"आन् तू काय म्हातारा होतास?"

दादा भाकरी कुस्करू लागले. मी भाकरीत तोंड लपवलं.

जेवण झाल्यावर मावळणीनं पत्र्याची पेटी उघडली. सर्वांत खाली, फडक्यात, घडीच्या रेघांवर फाटलेला एक कागद होता. उर्दू लिखाण आणि कोपऱ्यात निजामी शिक्का. "ही आज्जाची सनद," ती म्हणाली. "आज्जी मरताना माझ्याकडं दिली. काय लिवलंय ते कुणालाच ठावं न्हाई. जपून ठेव म्हनली, मी ठेवली."

दादांचा चेहरा उजळला. त्यांनी त्या कागदाकडं असं पाहिलं, जसं चांगल्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेकडं पाहायचे. "बघितलंस? सनद. लिहिता येत नसणाऱ्याला सरकार सनद देतं का?"

शाळेतलं उर्दू दादा कधीच विसरले होते, म्हणजे आमच्या तिघांपैकी कुणालाच ते वाचता येत नव्हतं. त्यामुळं त्या दुपारी आमचं घराणं फार थोर होतं.

लातूर

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. उस्मानाबादेतून काढलेला हा नवा जिल्हा, आणि लातूरकरांच्या चालण्यात ते दिसत होतं. पानाच्या टपरीचंही नाव 'जिल्हा पान मंदिर' होतं. पाणी मात्र जुन्या जिल्ह्याइतकंच, किंबहुना थोडं कमी. लॉजवाल्यानं दोघांना मिळून एक बादली दिली आणि बादलीवर झाकण ठेवून गेला, जणू आत दूध होतं.

सकाळी बसस्टँडसमोर आम्ही सुशीला खाल्ली. परगावच्या वाचकांनी दचकू नये, हे चुरमुऱ्यांच्या उपम्यासारख्या पदार्थाचं नाव आहे. मग कागद घेऊन उर्दू वाचणारा शोधू लागलो. एका कचेरीबाहेर झाडाखाली गफूर मास्तर बसत. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, आता लोकांचे अर्ज लिहून देत आणि जुने कागद वाचून दाखवत. दोन निवृत्त मास्तर समोरासमोर आले की आधी पेन्शनवर बोलणं होतं. ते झाल्यावर गफूर मास्तरांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"सर, ये सनद नही है," ते हळूच म्हणाले. "समन्स है. साक्षीला हजर राहा, नाही राहिला तर दंड, ऐसा लिख्या है. विहिरीचं भांडण होतं, दो भाई का."

 साठ वर्षं आमच्या घराण्यानं दंडाची धमकी फडक्यात बांधून जपली होती.

"मग त्यांनी साक्ष दिली असेल," मी म्हणाले. "ती कुठंतरी लिहिलेली असेल."

"अंदर पूछो," गफूर मास्तरांनी कचेरीकडं बोट केलं. "नंबर है इसपे."

आत नव्या जिल्ह्याचं नवं घर लावणं चाललं होतं. भिंतीपर्यंत गठ्ठे. अभिलेखपालांनी कागद पाहिला आणि मोठ्या सहानुभूतीनं विचारलं, "आजोबा कोणत्या जिल्ह्यात हायेत?"

"वारले ते," दादा म्हणाले.

"तसं नाही सर. कागदोपत्री विचारायलोय. गावं इकडं आली, पण सगळे कागद अजून आले नाहीत. काही आजोबा उस्मानाबादेत राहिलेत, नातू इकडं आलेत. कालच एकाचा सातबारा इथं सापडला आणि फेरफार तिथं. शेत एकच."

पण आमचं नशीब थोर होतं, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं. मराठी कागद सगळ्यांना वाचता येत असल्यामुळं सगळ्यांनी ते उलथेपालथे केले होते. उर्दू गठ्ठे कुणाला वाचताच येत नव्हते, म्हणून कुणी सोडलेही नव्हते. जसे बांधले होते तसे, ओळीनं, क्रमांकानं आले होते. दोन दिवस आम्ही अर्ज, शिक्का, जेवणाची सुट्टी या मार्गानं फिरलो आणि तिसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा समोर आला. अभिलेखपालांनी गफूर मास्तरांना आत बोलावून खुर्ची दिली. मी वही उघडली.

वाद दोन भावांचा होता. कुलवृत्तांतात 'स्वखर्चाने' विहीर खोदवणारे आजोबा आणि त्यांचे धाकटे बंधू. विहीर माझी का तुझी, एवढाच प्रश्न. 'सर्वांस खुली' हे शब्द त्या कागदांत कुठंही नव्हते. दोन्ही बाजूंचे पंधरा साक्षीदार, आणि प्रत्येकाचं उत्तर एका ओळीचं: थोरल्याची, किंवा धाकट्याची. सोळावा साक्षीदार सटवा. त्याचं उत्तर तीन पानं होतं.

गफूर मास्तर वाचत, थांबत, मराठी करून सांगत. मी ते आमच्या घरच्या बोलीत उतरवून घेतलं, ते असं:

"इचारता विहीर कुणाची. सांगतो. आधी तिथं विहीर नव्हती, लिंबाचं झाड होतं. दुस्काळात माणसं मरायला लागली, तवा मालक म्हनले, खोदा. आमी सात जण खोदलं. मालक वर छत्री धरून उभे होते. बारा हातांवर खडक लागला. एका गड्याचा पाय ठेचला, त्याचं नाव लिवा, राणबा. त्याचा पाय मंग तसाच राहिला. माझी बायकू भाकर वरून दोरीनं सोडायची. सतराव्या हाताला खडकातून बेडूक निघाला. जिता. आता सायेब, खडकात बेडूक कुठून आला? मी सगळ्यांना इचारलं, कुणी सांगंना. बेडकामागून पाणी आलं. पाणी आल्याबरूबर वरून म्हनले, आता वर या. आमी वर आलो. मग नारळ फुटला. त्या दिसापासून आमी त्या विहिरीत वाकून बघितलं न्हाई, बघू देत न्हाईत. म्हणून सांगतो, विहिरीचा तळ मला ठावं हाय. वरचं ज्याचं त्याला इचारा."

मास्तर थांबले. "मुन्शी होशियार था," ते म्हणाले. "उर्दूत मेंडक लिखने का, तर इसने 'बेडूक'च लिख्या. आवडलं असेल त्याला."

माझ्या हातातलं पेन थांबलं होतं. अशा एखाद्या बेडकापाशी कथा क्षणभर थांबवून ऐकणाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं, हे मी स्वतः शोधून काढलंय असं मला वाटत होतं. मुलाखतीत मात्र वजन पडावं म्हणून मी त्याचं श्रेय एका परदेशी लेखकाला दिलं होतं.

"खाली शेरा आहे अफसरचा," मास्तर म्हणाले. "गवाह बहुत बोलता है. सवाल का जवाब नही देता. बयान बेकार."

माझ्या संग्रहावर आलेल्या एकुलत्या एक परीक्षणात 'पाल्हाळ' हा शब्द तीनदा आला होता. तो अचानक वडिलोपार्जित वाटू लागला.

"आणि सही?" दादांनी विचारलं. हा प्रश्न ते कधीपासून अडवून धरून बसले होते.

गफूर मास्तरांनी कागद त्यांच्याकडं वळवला. शेवटच्या ओळीखाली जांभळट काळा अंगठा होता. बाकी काही नव्हतं.

 दादांनी भाषणांत किती वर्षं ते वाक्य म्हटलं होतं, कितीजणांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मी काहीतरी बोलायला गेले, "दादा, तेव्हा कुणालाच..." पण त्यांनी हातानं थांबवलं. खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ मला मुख्याध्यापकाची वाटेना, मावळणीपुढं मांडी घालून बसलेल्या किशन्याची वाटली.

परत आले तेव्हा त्यांनी अभिलेखपालांना विचारलं, "नकलेत अंगठा येतो का?"

"न्हाई सर. नकलेत फक्त 'निशाणी अंगठा' असं लिहितो आम्ही."

"मग तसंच लिहा. पण स्पष्ट लिहा." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "माय, वहीत घे. आजोबा निरक्षर होते. आधी ते वाक्य घे. मग जबाब."

मी घेतलं. तेवढं लिहायला मला बराच वेळ लागला.

मुरुडच्या पुढं

मुरुडला उतरलो तो आठवडी बाजार होता. बाजारात जनावरं जास्त आणि गिऱ्हाईक कमी. तिथून जीपनं गावात. कुलवृत्तांताचे संपादक अण्णासाहेब, म्हणजे त्या थोरल्या भावाचे नातू, आमची वाटच बघत होते. माझ्या सहकाऱ्यानं त्यांना पत्र टाकलं होतं. पंचाहत्तरीचे, ताठ, स्वच्छ धोतर. ओसरीवर खुर्च्या मांडलेल्या. चहा आला. कपबशा सगळ्यांना सारख्या होत्या. हे मी तपासून पाहिलं, आणि तपासावंसं वाटलं याचा मला राग आला.

अण्णासाहेब फार चांगलं बोलले. आमचं गाव एक, म्हणाले. मग विहीर दाखवायला स्वतः निघाले.

विहिरीभोवती वीसेक बाया घागरी घेऊन बसलेल्या. टँकर दोन दिवस आला नव्हता. तो आला की सरकारी पाणी या विहिरीत ओततात आणि मग सगळा गाव शेंदतो. म्हणजे विहीर शेवटी सर्वांस खुली झाली होती, फक्त तिच्यात तिचं पाणी राहिलं नव्हतं.

दादा काठावर गेले आणि वाकले. मीही वाकले. खाली तळ कोरडा ठणठणीत दिसत होता. एरवी कधीच न दिसणारा. खडकावर तिरप्या रेघा होत्या, पहारीच्या, जवळजवळ, एकाच दिशेनं. मला त्या वहीतल्या ओळींसारख्या वाटल्या, पण असली उपमा दादांसमोर बोलण्याची माझी हिंमत झाली नाही. ते खूप वेळ वाकून बघत राहिले. मला भीती वाटून मी त्यांचा सदरा मागून धरला.

"काय शोधायलाव गुर्जी?" एका बाईनं विचारलं.

दादांनी पिशवीतून नक्कल काढली आणि वहीत मी उतरवलेलं मराठी वाचायला लागले. मुख्याध्यापकाच्या खणखणीत आवाजात, त्या उन्हात, काठावर उभं राहून. बाया आधी आपसात बोलत होत्या. राणबाच्या पायापाशी गप्प झाल्या. बेडकापाशी दादा थांबले, वहीतून मान वर करून सगळ्यांकडं बघितलं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"खरंच की वं," घागरीवर बसलेली म्हातारी म्हणाली, "खडकात बेडूक कुठनं आला आसंल?"

त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. तीन मतं पडली. मग त्यांनीच दादांना पुढं वाचायला लावलं. "पाणी आल्याबरूबर वरून म्हनले, आता वर या," इथवर दादा आले. दोघीचौघींनी अण्णासाहेबांकडं बघितलं आणि नजर खाली घेतली.

अण्णासाहेब शेवटपर्यंत उभे राहिले, हे मला सांगितलंच पाहिजे. निघून जाणं सोपं होतं. परत ओसरीवर आल्यावर त्यांनी नक्कल मागून घेतली, निजामी शाळेतल्या उर्दूच्या जोरावर दोनदा वाचली. त्यांचा आवाज बदलला होता.

"आम्हाला घरात असंच सांगितलं होतं, गुरुजी. तेच मी छापलं. खटल्याचं मला कुणी बोललं नाही." थोडं थांबून म्हणाले, "दुसरी आवृत्ती काढायची आहे. तुमच्या आजोबांच्या नावानं तळटीप घालू. सन्मानपूर्वक."

मला वाटलं, दादा हो म्हणतील. ज्या पुस्तकात नाव छापून आलं म्हणून ते चष्मा पुसत होते, त्याच पुस्तकात सन्मानपूर्वक येणं.

"नको अण्णासाहेब," दादा म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुमच्या पुस्तकात आमची दोन वाक्यं आहेत, तेवढी राहू द्या. आता आमच्या पुस्तकात तुम्ही आलायत."

"आम्ही?" अण्णासाहेब चमकले. "काय लिहिलंय?"

"छत्री धरून उभे होते, एवढंच. आमच्याकडं तुमची माहिती तेवढीच हाय." दादांनी वही उघडून मांडीवर घेतली. "भावाभावांत काय झालं, विहीर कुणाला मिळाली, धाकट्याचं पुढं काय झालं, हे तुमच्या घरात कुणी ना कुणी कधीतरी बोललं असेल. आठवेल ते सांगा."

अण्णासाहेबांनी आत बघितलं. दारात त्यांच्या घरातल्या बायका उभ्या होत्या, त्याच, कंसातल्या. त्यांतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंनी पदर सावरला आणि बाहेर येऊन उंबऱ्यावर बसल्या. त्या अण्णासाहेबांच्या काकू, धाकट्या भावाच्या घरातल्या सूनबाई. "मी सांगते," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक आहे ते."

 अण्णासाहेबांनी खुर्ची थोडी सरकवून जागा करून दिली.

दादांनी पेनाचं टोपण काढलं.

"आधी तुमचं नाव सांगा, बाई," ते म्हणाले. "पूर्ण."